खालून येणारा हात

काळूराम वायरमन कुणाच्याही घरी कामाला गेला की आधी खाली बसायचा. चपला दाराबाहेर काढायच्या, फरशीवर मांडी घालायची आणि घरातल्या माणसाला सांगायचं, "बसा. रोज जिथं बसता तिथंच बसा. आता हात लांब करा." हात भिंतीला जिथं टेकेल तिथं तो कानावरची पेन्सिल काढून फुली मारी. तिथं बटनांचा बोर्ड यायचा. मोजायचा टेप त्याच्या खिशात असे, पण तो शिकलेल्या लोकांना धीर यावा म्हणून.

डोळखांबच्या वरच्या अंगाला त्याचा पाडा होता. घरात तो एकटाच. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. दिवाळी झाली की पाड्यातली माणसं वीटभट्ट्यांवर निघून जात आणि हा आमच्या शहापुरात कामं करून रोज संध्याकाळी त्या रिकाम्या पाड्यावर परत जाई. "इथंच राहा की एखाद्या खोलीत," मी एकदा म्हणालो. "मग पाड्यावर कोन राहील?" तो म्हणाला. "आता कुत्री हायत न मी हाय."

आमची ओळख झाली ती सुमनच्या आजारपणात. सुमन माझी बायको. अर्धांगाचा झटका येऊन तिची उजवी बाजू गेली होती. मी मुरबाडच्या शाळेत शिकवायचो, सकाळी एसटीनं जायचो तो दिवेलागणीला परतायचो. दुपारी बाजूची मुलगी जेवण वाढून जाई. बाकी दिवसभर सुमन खिडकीजवळच्या दिवाणावर एकटी. उभं राहणं तिला जमत नव्हतं आणि आमच्या फ्लॅटमधली सगळी बटनं बिल्डरनं उभ्या माणसासाठी बसवलेली. दिवा, पंखा आणि शेजाऱ्यांकडे वाजणारी घंटा एवढं तिचं तिला लावता यावं, म्हणून मी बोर्ड खाली घ्यायचं ठरवलं.

आमच्या सोसायटीला चेअरमन होते. ते कुठल्याशा खात्यातून निवृत्त झाले होते, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. जिन्यातल्या बल्बसाठीही ते जावक क्रमांक घालून परिपत्रक काढत. फ्लॅटमधल्या दुरुस्त्यांसाठी त्यांनी नियम केला होता: सर्व बोर्ड जमिनीपासून साडेचार फुटांवर, इमारतीच्या एकरूपतेसाठी. भिंतीआडची एकरूपता कोण बघणार होतं, हे परिपत्रकात नव्हतं.

कामाच्या दिवशी ते स्वतः टेप घेऊन हजर झाले.

"अडीच फुटांवर बोर्ड? लहान मुलं हात घालतील."

"या घरात लहान कोन हाय, साहेब?" काळूराम फरशीवरूनच म्हणाला. "तुमी जरा खाली बसून बगा नं."

"मी कशाला बसू?"

"हां, तेबी खरं. चेअरमन खाली बसला तर मीटिंग कोन घेनार?"

मग मी मधे पडलो. अपंगांसाठी कायदा झाला होता, तो मी वाचनालयात बसून वाचून आलो होतो. चेअरमन म्हणाले, तो सरकारी इमारतींना. मी म्हणालो, माणुसकी खाजगी इमारतींनाही लागू आहे. वाक्य मला फार आवडलं, म्हणून मी ते दोनदा म्हटलं. आवाज चढले. शेवटी चेअरमन म्हणाले, "ठीक आहे, बाईंचा हात पोचेल तिथं लावा. पण त्याहून एक इंच खाली नाही."

मी जिंकलो होतो.

सुमननं डावा हात लांब केला. फुली पडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "आणखी वर पोचतो की, काळूभाऊ. थोडा वर घ्या." हात आणखी वर गेला. "अजून थोडा." ती हसत होती. साडेतीन फुटांवर फुली पडली. चेअरमनांची मान हलली, माझीही हलली. काळूरामनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि छिन्नी उचलली.

त्यानंतर वर्षभर मी घरी यायचो तेव्हा घरात अंधार असायचा. मी दिवा लावायचो. "संध्याकाळ बघत बसले होते," सुमन म्हणायची. शाळेत मी सहकाऱ्यांना सांगत असे, की आजारपणानं माझ्या बायकोला कविमन दिलं.

एका रविवारी पंख्यासाठी काळूराम आला. नेहमीसारखा खाली बसला आणि भिंतीकडे बघत राहिला.

"मास्तर, ह्यो बोर्ड कोन वापरतं?"

"सुमन. तिच्यासाठीच तर—"

"नाय. बसून दाबनाऱ्याचा हात खालून येतो. बोर्डाखाली भिंत मळते. इथं वरची भिंत मळलीय. ह्यो हात उभ्या मानसाचा." तो माझ्याकडे वळला. "तुमचा."

सुमन खिडकीबाहेर बघत होती.

"बाय, खरं सांगा. पोचतो का हात?"

"त्या दिवशी पोचला होता," ती म्हणाली. "दात खाऊन. माझ्यावरून चारचौघांत भांडण चाललं होतं. मला ते संपायला हवं होतं."

मी काहीतरी बोलायला लागलो. काळूरामनं हात वर केला. "तुमी भायेर जावा, मास्तर. तुमच्यासमोर ती परत हात लांबवील."

मी जिन्यात जाऊन बसलो. आतून ठोकण्याचा आवाज सुरू झाला. दुपारी एक ते चार ठोकाठोकीला बंदी होती, तेव्हा चेअरमन वर आलेच. मी पायरीवर मधोमध बसलेलो. त्यांनी परिपत्रकाचा क्रमांक सांगितला. कायदा मला अजून पाठ होता, पण या वेळी मी काही बोललो नाही. फक्त सरकलो नाही. थोडा वेळ उभे राहून ते खाली गेले.

दुसऱ्या दिवशी एसटीतून उतरून कोपऱ्यावर आलो, तर आमच्या खिडकीत उजेड होता. मी घरी जायच्या आधी समोरच्या ओट्यावर बराच वेळ बसून राहिलो. वर्षभर एक बाई माझ्या येण्याची वाट बघत अंधारात बसली होती, आणि मी लोकांना तिचं कविमन सांगत होतो.

काळूराम त्यानंतर काम नसतानाही यायचा. सुमनशी बोलत बसायचा, भात कसा आलाय, कोण भट्टीवर गेलं. एका दिवाळीनंतर तो आलाच नाही. शहापूरच्या स्टँडवर त्याच्या गाववाल्यानं मला सांगितलं. तापानं गेला. तीन दिवस कुणाला कळलं नाही. घरातला रेडिओ चालू होता, त्यामुळे वाटेनं जाणाऱ्यांना वाटलं, घरात माणसं आहेत.

घरी येऊन मी सुमनला सांगितलं. तिनं हात मागं नेला आणि दिवा बंद केला.

काळोख झाला तसा मी उठलो. "लावू का?"

"राहू दे," ती म्हणाली. "मला लावता येतो."

मी तिच्याशेजारी जाऊन बसलो.