राक्षसाचं निलंबन

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. बाबा बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कामगार संघटनेचं काम बघायचे, आणि घरात गोष्टींच्या पुस्तकांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. कुठलंही लिखाण मागण्यांसाठी असतं आणि 'विजय असो'ने संपतं, अशी दहाव्या वर्षी माझी पक्की समजूत होती.

बसवनगुडीतल्या आमच्या मराठी मंडळात मुलांचं हस्तलिखित निघायचं. एकच प्रत, ती घरोघर फिरायची. संपादक होत्या मूळच्या बेळगावकडच्या, बँकेत अधिकारी असलेल्या एक काकू. त्यांना मी गोष्ट दिली. राजाच्या आमराईवर राक्षस पहारा करतो. राजपुत्र न विचारता आंबे तोडतो, म्हणून राक्षस त्याचा कान पिळतो. राजा म्हणतो, मारा त्या राक्षसाला! त्यावर राक्षस सात मागण्या मांडतो: आठ तासांची पाळी, रविवारची सुट्टी, मापाच्या चपला वगैरे. राजा सगळ्या मान्य करतो. विजय असो.

काकूंनी पान उलटून मागेही बघितलं. "राक्षस मरत नाही होय?"

"त्याचा गुन्हा काय, काकू?"

"राक्षस आहे की गं तो!"

"तो हुद्दा झाला. गुन्हा सांगा."

"लहान पोरं वाचतात. स्वल्प तरी मार त्याला."

"स्वल्प कसं मारतात?"

मी काकूंच्या पायरीवर उपोषणाला बसले. त्यांनी चिरोटे आणल्यावर हे साखळी उपोषण आहे असं जाहीर करून दोन खाल्ले.

शेवटी काकूंनी बाबांना बोलावलं. आता काकूंची धडगत नाही, असं मला वाटलं. बाबांनी गोष्ट वाचली, चष्मा पुसला आणि आठवडाभर मालकाशी भांडणारा तो माणूस मला म्हणाला, "चपला सोड. जीव वाचव."

अशी फितुरी मी घरात कधी पाहिली नव्हती. मी ढिम्म हलले नाही. काकूंनाच भाजी टाकायची घाई होती.

"बरं, आमच्या बँकेत करतात तसं करू. चौकशी होईपर्यंत राक्षसाचं निलंबन."

"अर्ध्या पगारावर," बाबा म्हणाले.

"आणि राजपुत्रानं आंबे परत द्यायचे," मी म्हणाले.

"खाल्लेले?"

"कोयी देईल."

"सरी, ठरलं तर," म्हणत काकू आत गेल्या.

अंक तयार झाल्यावर काकूंनी तो पहिल्यांदा आमच्याकडे पाठवला. चित्रं काढणाऱ्या त्यांच्या मुलीने गोष्ट न वाचताच, सवयीने, राक्षसाला उताणा पाडला होता. डोळे मिटलेले, पोटात तलवार, बाजूला रक्ताचे लाल थेंब. आणि सगळं पक्क्या शाईत! अंक सकाळी पुढच्या घरी जायचा होता.

मी पेन घेतलं. तलवारीवर घुमट काढून छत्री केली. थेंबांना देठ काढून मिरच्या केल्या. डोक्याखाली उशी दिली आणि ठळक अक्षरांत लिहिलं: 'राक्षस जेवून झोपला आहे. उठवू नये.'