निर्व्यसनी सुगंध

वेलदोड्याचा वास आला की मला पूर्वी श्रीखंड आठवायचं. परवाच्या रविवारपासून मात्र तो मंद, शीतल परिमळ नाकाशी आला की जीव घाबरा होतो, आणि का होतो ते तुम्हाला सांगायला बसले तर माझंच मला धड उमगत नाही.

सांगलीला बहिणीकडे माझ्या भाचीला, मुक्ताला, बघायला मंडळी येणार होती. मी साताऱ्याहून कंदी पेढे घेऊन गेले. मुलगा वाळव्याकडचा, घरचा ऊस, कुपवाडच्या एका कारखान्यात नोकरी. दारातून आत आला तो वेलदोड्याचा दरवळ सोबत घेऊनच. मुक्ताला मुलगा आवडल्याचं तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. त्याच्या चुलत्यांनी टेकता टेकताच सांगून टाकलं, "पोरगं निर्व्यसनी हाय बगा. सुपारीच्या खांडाचंबी व्यसन न्हाई." बहीण सुखावली.

मग तोंड गोड करायची वेळ आली. त्यानं पेढ्याचा कण तोडला, ओठांच्या फटीतून आत सरकवला, मग पुन्हा एक कण. किती निगुतीनं खातोय, म्हणून बहीण कौतुकानं बघत राहिली. मला मात्र आमच्या घरचं ताट आठवलं. आमचे हे असेच खायचे. भाकरीचा घास लहान होत गेला, तिखट सोसेना, आणि आम्ही सगळे म्हणायचो, वय झालं की आहार कमी व्हायचाच. पुढे डॉक्टरांनी तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली, तेव्हा दोनसुद्धा जाईनात. गालाची शस्त्रक्रिया झाली. आज ते माझ्यासमोर बसून मऊ भात जेवतात, याचंच मला अप्रूप आहे.

तेही तंबाखू कुठे खात होते? केवड्याच्या वासाची पूड होती ती. खरं सांगू, मला तो वास आवडायचा. संध्याकाळी त्यांच्या सदऱ्याला यायचा आणि घर भरल्यासारखं वाटायचं. सुगंधाची आणि आपली ओळख देवघरापासूनची, मग त्याच्याविषयी मनात किंतु यावा तरी कसा? आमच्या गावाकडच्या बायका मशेरीनं नुसते दात घासतात, जतकडचे ट्रकवाले पुडी तोंडात टाकून नुसती झोप उडवतात, कॉलेजातली पोरं आंब्याच्या वासाची वाफ नुसती ओढून सोडतात. तंबाखू असा कुणीच खात नाही. मग त्या डॉक्टरांच्या दारात आमच्यासोबत बाकावर बसलेली एवढी माणसं कशासाठी आली होती, हे मला अजून कळलेलं नाही.

मंडळी निघाली आणि गाडीकडे गेली. मुलगा कामावरून परस्पर मोटारसायकलवर आलेला, तो मागे राहिला, आणि पायरीवर बूट घालता घालता खिशातली पुडी फोडू लागला. जमत आलेल्या सोयरिकीत नाक खुपसू नये हे कळतं हो मला, पण माझी जीभ माझ्या ताब्यात कधी होती? हे काय रे, असं मी विचारलंच. "आवं मावशी, माऊथ फ्रेशनर हाय की," तो अगदी निर्मळपणे म्हणाला, "वेलदोड्याचं. तंबाखू आमच्यात कोण खात न्हाई." खोटं बोलत नव्हता तो, त्याला तसंच वाटत होतं. रागवावं तरी कुणावर, आणि कशाबद्दल? मी म्हटलं, बाळा, तीन बोटं उभी धर आणि तोंडात घालून दाखव बघू.

थट्टा समजून तो हसला. हसत हसतच त्यानं बोटं तोंडाशी नेली. तीन जाईनात, म्हणून दोन घालून बघितली. तीही दातांवर अडली. आमच्या यांचीही अशीच अडली होती, मग गाल कापावा लागला, असं मी म्हटलं, आणि त्याचं हसू मावळलं.

नेमकी तेव्हाच मुक्ता त्याचं विसरलेलं हेल्मेट घेऊन बाहेर आली. तोंडात बोटं अडकवून उभा असलेला नवरदेव बघून तिला हसू आवरेना. पदर तोंडाला लावून ती दाराला टेकली. त्यानं तिच्या हातातलं हेल्मेट घेतलं, छातीशी धरलं, आणि जेमतेम मला ऐकू येईल अशा आवाजात विचारलं, "मावशी, हिला तुमी सांगता, का मी सांगू?"

मी मुक्ताकडे बघितलं. ती अजून हसतच होती.