वल्ह्यावरचं कापड

"घाई कोणाला हाय?" असं म्हणून मिस्त्री डोक्यावरची टोपी काढायचे आणि इंजिनाच्या झाकणावर उलटी ठेवायचे. इंजिन सुरू झालं की टोपी थरथरायला लागे. जागच्या जागी थरथरली तर ठीक. हळूहळू कडेला सरकायला लागली तर मिस्त्री इंजिन बंद करत आणि पुन्हा पाना हातात घेत. मुंबईपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावर त्यांच्या होडीइतकी वेगवान होडी क्वचितच कुणी पाहिली असेल, आणि तिच्यावरचा माणूस दिवसातून दहा वेळा विचारायचा, घाई कोणाला हाय. सगळे हसत. मीही हसत असे.

त्या वर्षी मी इंटरला गणितात नापास होऊन घरी बसलो होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे नापास झालेलाही पहिलाच. गावात तोंड दाखवायला नको म्हणून मी रत्नागिरीला मावशीकडे राहत होतो. तिथे लाकडाचे एक व्यापारी होते, त्यांना आम्ही शेठ म्हणत असू. शेठना मोटारबोटींच्या शर्यतीचं वेड लागलं होतं. पावसाळा सरल्यावर आंतरराष्ट्रीय शर्यती व्हायच्या होत्या. पहिली मुंबईला, दुसरी गोव्यात, आणि शेवटची, शेठच्या खटपटीमुळे, आमच्या रत्नागिरीला, मिऱ्याच्या समुद्रात. इंग्रज येणार होते, गोव्याचे पोर्तुगीज येणार होते, एक इटालियन येणार होता. नियमांचे कागद सगळे इंग्रजीत. ते वाचून सांगायला शेठनी मला ठेवलं.

होडी रत्नागिरीतल्याच राजिवड्याच्या सुतारांनी बांधलेली, आत विमानातून काढलेलं जुनं इंजिन. ते इंजिन फक्त मिस्त्रींचंच ऐकायचं. मिस्त्री राजिवड्याचे. जन्म परदेशी जहाजांच्या इंजिनखोलीत गेला होता. चेहरा सदा भाजल्यासारखा लाल, आणि बोलणं मोठ्याने, कारण एका कानाने कमी ऐकू येई. नम्र वगैरे ते अजिबात नव्हते. "हँबर्गला गोऱ्या इंजिनेरानं माझा हात हातात घेतलान नि सोडीना," असं ते कुणालाही थांबवून सांगत. हँबर्गच्या जागी कधी मार्सेल असे, कधी कोबे. कुणी खोडी काढून विचारलं, "मिस्त्री, काल तर मार्सेल म्हणालात?" तर म्हणत, "माणूस चांगला काम करतो तो काय एकाच बंदरात?"

मला ते कालेजवाले म्हणत. होडीत दोन माणसं हवीत असा नियम होता. दुसरा शेठचा पुतण्या होता, पण मुंबईच्या शर्यतीच्या सरावातच त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या आणि शेठनी माझ्याकडे पाहिलं. माझं वजन कमी होतं, एवढीच माझी लायकी. पेट्रोलच्या टाकीत हवा भरायचा हातपंप सतत मारत राहायचं, हे माझं काम.

"भीती वाटते काय, कालेजवाले?"

"थोडी वाटते."

"मग ठीक. नाय वाटत म्हणाला असतास तर उतरवला असता."

मुंबईला आम्ही तिसरे आलो. गोव्यात मात्र पहिले आलो, आणि मांडवी नदीच्या काठावर उभं राहून मिस्त्रींनी टोपी अशी काही डोक्यावर ठेवली की पोर्तुगीज साहेबांनी टाळ्या वाजवल्या. आता हिशेब सोपा होता. इटालियनाचे आणि आमचे गुण सारखे. रत्नागिरीत दोघांपैकी जो पुढे येईल, त्याचा तो मोसम.

परतीच्या वाटेवर मिस्त्री पहिल्यांदा माझ्याशी हळू आवाजात बोलले. शेठनी त्यांना शब्द दिला होता. मोसम जिंकला तर भाट्याच्या खाडीत उतारूंसाठी लाँच सुरू करायची आणि मिस्त्रींना तिचा कायमचा ड्रायव्हर नेमायचं. म्हणजे पुन्हा जहाजावर जायला नको.

"माझी पोरगी हाय," ते म्हणाले. "सहाची झाली. मी घरी आलो की आयेला सांगते, पावणा आलाय, चाय ठेव."

मी हसायला लागलो आणि मग थांबलो. ते हसत नव्हते.

"दोन वरसानी येतो, दोन महिने राहतो. पावणाच की. तिचा काय चुकला?" मग एकदम आवाज चढवून म्हणाले, "पंप मार, पंप मार, झोपलास काय?" खरं तर त्या वेळी पंप मारायची गरज नव्हती. इंजिन बंद होतं आणि आम्हाला पडावामागे बांधून ओढत आणत होते.

शर्यतीच्या दिवशी मिऱ्यापासून भगवतीच्या किल्ल्यापर्यंत सगळी माणसंच माणसं होती. मोठाले पडाव, मचवे, होड्या माणसांनी भरून समुद्रात उभ्या होत्या. मिस्त्रींनी टोपी झाकणावर ठेवली. टोपी जागेवर थरथरत राहिली. त्यांनी ती उचलून डोक्यावर घट्ट बसवली आणि पहिल्यांदाच माझ्या पाठीवर हात ठेवला. घाईचं वाक्य काही ते बोलले नाहीत.

शर्यतीबद्दल मला नीट सांगता येणार नाही. पंपाचा दांडा, तोंडावर सपासप येणारं पाणी आणि मिस्त्रींची पाठ, एवढंच आठवतं. पहिल्या फेरीत इटालियन पुढे होता. दुसऱ्या फेरीत किल्ल्याखालच्या खडकांजवळ मिस्त्रींनी होडी इतकी आतून वळवली की मी डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा इटालियन मागे होता. शेवटच्या फेरीतला शेवटचा बोया, वळणाची तरंगती खूण, आम्ही ओलांडला आणि समोर सरळ पाणी, पलीकडे पंचांच्या मांडवाची निशाणं. मला वाटतं मी ओरडत होतो.

तेवढ्यात उजवीकडे, मिऱ्याच्या खडकांच्या बाजूला, एका मचव्यावर कापड वर गेलं. लाल कापड, वल्ह्याच्या टोकाला बांधलेलं, आणि वल्हं उभं धरलेलं.

तुमच्यापैकी जे किनाऱ्यावरचे आहेत त्यांना सांगायला नको. मी आतल्या गावचा, मला ते मिस्त्रींनीच शिकवलं होतं. हातात धरून हलवलेलं कापड म्हणजे काहीही असेल, रामराम असेल, मासळी मिळाली असेल. वल्ह्यावर उभं केलेलं कापड म्हणजे माणूस बुडतोय. ते दिसलं की हातातलं काम टाकायचं आणि वळायचं.

"बगितलंस?" मिस्त्री ओरडले.

"लोक आनंदाने करताहेत," मी ओरडलो. मला तसंच वाटलं. सगळ्याच होड्यांवर लोक काही ना काही हलवत होते.

"वल्ह्यावर हाय."

त्यांनी एकदा समोर मांडवाकडे पाहिलं. ते पाहणं मला अजून दिसतं. मग इंजिन खाली आणलं आणि सुकाणू उजवीकडे फिरवलं. इटालियन आमच्या डाव्या अंगाने गेला आणि त्याच्या लाटेने आम्ही दोघे नखशिखांत भिजलो.

मचवा जवळ आला. त्यात राजिवड्याचेच तरुण होते, दोघं-तिघं नुकतेच मुंबईहून आलेले. मुंबईच्या शर्यतीत त्यांनी लोकांना काठ्यांना निशाणं बांधून नाचवताना पाहिलं होतं. इथे काठी नव्हती, वल्हं होतं. आमच्या मिस्त्रींसाठी त्यांनी निशाण उभारलं होतं. वल्हं धरलेल्या पोराचं तोंड आमची होडी वळली तेव्हाच उतरलं असणार. आम्ही पोहोचलो तेव्हा तो रडायच्या बेतात होता.

"कोण पाण्यात?" मिस्त्रींनी विचारलं.

"कोण नाय, भाय."

"सगळी हायती?"

"सगळी."

मिस्त्रींनी तरीसुद्धा बोटाने एकेक डोकं मोजलं. मोजता मोजता बोट एका लहान डोक्यावर थांबलं. मामाच्या खांद्यावर त्यांची मुलगी बसली होती. मोठ्यांना काय झालंय ते तिला काय ठाऊक. एवढ्या पाण्यातून एवढी मोठी होडी वळून आपल्यासाठी आली, एवढंच तिला दिसलं असेल. ती टाळ्या वाजवत होती. "अब्बा," ती ओरडली. "अब्बा, अब्बा."

मिस्त्री तिच्याकडे बघत राहिले. मग त्या पोराला म्हणाले, "वल्हा खाली कर आधी." आणि इंजिन चढवलं.

आम्ही दुसरे आलो.

मांडवात पंचांसमोर आम्हाला उभं केलं. मुख्य पंच एक पिकल्या मिशांचे इंग्रज साहेब होते, माणूस वाईट नव्हता. नियमात एक कलम होतं, मीच ते शेठना वाचून दाखवलं होतं. बुडत्याला वाचवायला होडी थांबली तर शर्यत पुन्हा घेता येईल. शेठनी मला बाजूला ओढलं.

"एकच वाक्य सांगायचंय. पोर पाण्यात पडलं होतं. मचव्यातली पोरं तयार आहेत, विचार."

ती तयारच होती. वल्हं धरलेला पोरगा तर अंगावरून पाणी निथळत उभा होता. तो आपण होऊन समुद्रात बुडी मारून आला होता.

साहेबांनी विचारलं, "पाण्यात कोणी होतं का?" मी मिस्त्रींना मराठीत सांगितलं आणि त्यांच्या चांगल्या कानाशी वाकून म्हणालो, "होतं म्हणा. लाँच मिळेल."

मिस्त्रींनी त्या ओल्या पोराकडे पाहिलं. "कालेजवाले, माझ्या दाराला लागून दार हाय. त्या घरचा पोर समुद्रात बुडून गेला तवा त्यानं पण वल्ह्यावर कापड लावला होता. एक लाँच आली नि बाजूनं गेली. थांबली नाय. त्या पोराचा म्हातारा बाप बाहेर गर्दीत उभा हाय. त्याच्या समोर मी सांगू, पोर बुडत होता, मी वाचवला, आता बक्षीस द्या?"

"मग काय सांगू?"

"झाला ता सांग."

मी सांगितलं. कोणी पाण्यात नव्हतं. कापड चुकून लागलं. साहेबांनी बराच वेळ मिशांवरून बोट फिरवलं. मुलीचं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं असणार, मग विचारलं, मचव्यात स्वतःची मुलगी आहे हे पाहून वळलास का? मिस्त्री म्हणाले, "ती हाय ता जवळ गेल्यावर कळला." साहेब उठून उभे राहिले, मिस्त्रींचा हात हातात घेतला, आणि निकाल इटालियनाच्या बाजूने दिला. दुसरं ते काय करणार होते?

बाहेर आल्यावर मिस्त्री मला म्हणाले, "बगितलंस? गोरा हात सोडीना." पण त्यात नेहमीचा जोर नव्हता.

शेठ रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. पुढच्या वर्षी बघू, म्हणाले. मिस्त्रींना पुढच्या वर्षापर्यंत थांबणं परवडणारं नव्हतं. मुंबईहून जहाजाचं बोलावणं आलं आणि ते निघाले. मधले काही आठवडे ते मुलीला रोज भाट्याच्या पुळणीवर, समुद्रकाठच्या वाळूत, नेत. ती पुढे पळत असे, ते मागून हाका मारत.

निघायच्या दिवशी मी बंदरावर गेलो होतो. आगबोट लांब नांगरून उभी होती, उतारू पडावातून जात होते. मुलगी मामाबरोबर आली होती. मिस्त्रींनी तिला उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. मला म्हणाले, "गणित सोडव जरा." मग पडावात बसले आणि गेले.

बोटीने शिटी दिली तेव्हा कठड्याशी माणसांची रांग लागली होती. मामा सामानाच्या हमालाशी बोलत होता. मुलीने माझा हात धरला आणि बोट दाखवलं. "तो बग अब्बा."

मी पाहिलं. ज्याच्याकडे ती बोट दाखवत होती तो कुणी उंच, पांढऱ्या सदऱ्यातला माणूस होता. मिस्त्री खूप मागे, डोलकाठीजवळ उभे होते, आणि गर्दीत आम्ही कुठे आहोत ते शोधत होते. मला ते दिसत होते. मी तिला सांगायला तोंड उघडलं. पण ती इतक्या जोरात हात हलवत होती, की मीही त्या परक्या माणसाकडे बघून हात हलवला.

थोड्या वेळाने त्यानेही हलवला.