इवाईभेट आणि माझी कंबर

आमच्याकडे लग्नात इवाईभेट होते. इवाई म्हणजे व्याही. बापाला बाप भेटतो, आज्याला आजा भेटतो. मांडवाच्या तोंडाशी एकमेकांच्या गळ्यात हार घालायचा, मिठी मारायची आणि मारता मारता समोरच्याला उचलायला पाहायचे. ज्याचे पाय जमिनीवरून सुटले तो हरला. हसण्यावारीच चालते सगळे, पण कोणी कोणाला उचलले हे गाव विसरत नाही. माझ्या पोरापोरींच्या लग्नात मी सगळे इवाई उचलले. माझे पाय कोणी सोडवले नाहीत.

म्हणून नातीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, जेवणानंतर पान खाता खाता, मी तिच्या होणाऱ्या आजेसासऱ्याला चारचौघांत सांगून टाकले की लग्नात तुम्हाला उचलून थेट मांडवात नेऊन ठेवीन. माणूस देवरीकडचा, अंगाने आडवा, या वयातही तेंदूपत्त्याच्या हंगामात जंगलात पायी फिरणारा. तो माझ्या खांद्यावर हात ठेवून नुसता हसला. त्या हाताचे वजन मला काही आवडले नाही.

घरी येऊन मी सराव धरला. सपरीत, म्हणजे ओसरीत, धानाचे कट्टे, भरलेली पोती, रचून होते. सकाळी सगळे आपापल्या कामाला लागले की मी एक कट्टा उभा करायचा, त्याला मिठी मारायची आणि उचलायचा. कट्टा काही हसत नाही, हलत नाही, म्हणून इवाईपेक्षा सोपा. काही दिवस बरे चालले. मग लग्नाला महिनाभर राहिला असताना एका सकाळी कट्टा उचलला, आणि तो अर्ध्यावर असतानाच कमरेत कड् झाले. कट्टा खाली, त्याच्यावर मी. कमरेतून निघालेली कळ ढुंगणातून, मांडीच्या मागून, पोटरीवरून पायाच्या अंगठ्यापर्यंत गेली. तिरोड्याच्या विजेच्या प्लान्टमधली लाईन कोणी आणून माझ्या पायाला जोडली असे वाटले.

म्हातारी, म्हणजे माझी बायको, आवाज ऐकून आली. तिने मला कट्ट्यावर पालथा पडलेला पाहिला आणि विचारले, "याच्यासंग इवाईपण केलं का?"

मी म्हटले, पाय घसरला. तिने मान डोलावली. तिला सगळे माहीत होते. रोज एक कट्टा जागेवरून हललेला असतो, हे बायकांना दिसते.

पुढचे दिवस कसे काढले ते मला विचारा. बसले की कळ, उठले की कळ, शिंक आली तर डोळ्यांपुढे अंधार. पायजम्यात पाय घालायला पोरगा लागे. संडासात खाली बसता येत नव्हते म्हणून पोराने बाजारातून भोक पाडलेली प्लास्टिकची खुर्ची आणली. ती खुर्ची मी तीन वेळा आवाराबाहेर फेकायला लावली आणि चौथ्या वेळी गुपचूप वापरली. बरे वाटे ते फक्त एका कुशीवर, दोन गुडघ्यांमध्ये उशी घेऊन. तसा मी अंगणात निंबाखाली पडून राही. आमचे गाव बिरसीच्या जवळ. तिथल्या विमान शिकवायच्या शाळेतली शिकाऊ पोरे लहान विमाने घेऊन दिवसभर घिरट्या घालतात, वर जातात, खाली येतात, पुन्हा वर जातात. जन्मभर मी त्यांच्याकडे मान वर करून पाहिले नव्हते. आता एकेक विमान ओळखू लागलो.

म्हातारीने टोरीचे तेल चोळले. टोरी म्हणजे मोहाची बी. वास घरभर झाला, गुण काही आला नाही. शेजाऱ्याने विटेचा शेक सांगितला. पोरगा म्हणे, बाबा, गोंदियाला डॉक्टरकडे चला. मी म्हटले, लग्नाचे घर आहे, मी दवाखान्यात गेलो ही बातमी देवरीला पोचायला वेळ लागत नाही. इवाई म्हणेल, उचलायच्या आधीच बसला. दवाखाना नको. मला दुसरेच पाहिजे होते, आणि ते मागता येत नव्हते.

माझी सून, नवरीची आई, पायाळू आहे. पायाकडून जन्मलेली. पायाळू माणसाने दुखत्या कमरेवर लाथ लावली की चमक निघते, असे आमच्याकडे मानतात. ती या घरात आली तेव्हापासून सकाळी सकाळी लोक तिच्याकडे कंबर धरून येतात. ती सडा टाकता टाकता, बादली हातात घेऊनच, लाथ लावते आणि पुढच्या कामाला लागते. सरपंच आला होता. शाळेचा गुरुजी आला होता. मी सपरीत बसून येणाऱ्याला सांगायचो, या, आमच्या सुनेच्या लाथेत गुण आहे. आता मलाच गरज पडली, आणि सुनेच्या सासऱ्याला लाथ मागायची सोय नाही. ती माझ्यासमोर डोक्यावरचा पदर पडू देत नाही, खाटेवर बसत नाही, माझ्या ताटावरून पाय पुढे टाकत नाही. तिला कोणत्या तोंडाने सांगू की बाई, मार?

काही दिवस गिळले. मग एकदा ती चहा घेऊन आली तेव्हा विमानाकडे पाहत बोलून टाकले.

ती एकदम मागे सरली. म्हणाली, "मामाजी, पाप लागन मले."

मी म्हटले, पाप माझ्या माथी.

"तुमच्या माथी आधीच लय आहे," म्हातारी दारातून बोलली. "तिले कायले म्हणता? मी मारतो. पायाळू नाई मी, पण इच्छा लय दिवसाची आहे."

सून पदर तोंडात धरून आत पळाली. दोघी आत किती वेळ हसत होत्या, मला सगळे ऐकू येत होते. मी रुसून जेवलो नाही. दुपारनंतर सूनच बाहेर आली. पदर नीट केला आणि उभ्यानेच बोलली. इतकी सलग ती माझ्याशी कधी बोलली नव्हती.

"मारतो मी लाथ. पण मंग उद्या गोंदियाले चलायचं. डॉक्टर जे सांगन ते करायचं. पोरीचं लगन आहे, आजा खाटेवर नाई पाहिजे मले. कबूल असन त पालथे व्हा."

मी घासाघीस करून पाहिली. लाथेने गुण आला तर डॉक्टर कशाला, असे म्हणून पाहिले. ती म्हणाली, दोन्ही किंवा काहीच नाही. बाजारात अशी बाई समोर असती तर मी उठून गेलो असतो. इथे उठताच येत नव्हते. कबूल केले.

पोराने मला आत नेऊन लाकडी तक्तपोसावर पालथा घातला. सुनेने पाय धुतले. आधी माझ्या पायांवर डोके टेकले, मग खांब धरून उभी राहिली आणि कमरेला पाय लावला. कसला लावला, पूजेचे फूल ठेवावे तसा ठेवला आणि उचलला.

मी भिंतीकडे तोंड करून विचारले, "सरपंचाले अशीच मारली होती का?"

"नाई. त्यायले जोरात मारली होती."

"मंग मले काऊन नाई? मी सरपंचाहून कमी आहो का?"

मागे बांगड्या वाजल्या, तिने खांब घट्ट धरला. आणि मग ती लाथ बसली. त्या लाथेत काय काय होते ते मी सांगू शकत नाही. भाजीत मीठ कमी म्हणून सरकवलेले ताट असेल, माहेरी जायला दिलेले नकार असतील. माझ्या तोंडातून असा आवाज निघाला की बाहेरच्या कोंबड्या उडाल्या. म्हातारी हसता हसता भिंतीला टेकली. पोरगा तोंड फिरवून हसला. सून इतकी हसली की माझ्या पायाशी तक्तपोसावरच बसली. डोक्यावरचा पदर केव्हाच खाली आला होता. मीही हसत होतो, आणि हसले की कमरेत कळ येत होती, आणि कळ आली की आणखी हसू येत होते.

गुण आला का? नाही आला. पण शब्द दिला होता. दुसऱ्या दिवशी ऑटोच्या मागच्या सीटवर आडवा होऊन गोंदियाला गेलो. डॉक्टरने पाय उचलून पाहिला, अंगठा दाबून पाहिला, म्हणाला नस दबली आहे. गोळ्या दिल्या, पट्टा दिला आणि व्यायाम शिकायला एका पोरीकडे पाठवले. ती माझ्या नातीएवढी. तिने सांगितले की दिवसभर पडून राहायचे नाही, जमेल तसे थोडे थोडे चालायचे, आणि पालथे पडून कोपरांवर छाती उचलायची, सरड्यासारखी. कळ पायातून वर कमरेकडे सरकू लागली तर समजायचे की काम होऊन राहिले आहे.

मी तिला विचारले की दोन-तीन आठवड्यांत एक माणूस उचलता येईल का.

"कौन से आदमी को, बाबाजी?"

मी इवाईचे माप हाताने दाखवले. तिने सुनेकडे पाहिले. सुनेने हात जोडले. दोघींचे माझ्याविना ठरून गेले की वजन म्हणून काही उचलायचे नाही, पाण्याची बादलीसुद्धा नाही.

मी हट्टी आहे हे सगळे सांगतात. ते खरे आहे, आणि त्याचा मला फायदाच झाला. सरडा व्हायचे म्हटल्यावर मी सरडा झालो, सकाळी, दुपारी, संध्याकाळी. पाहुणे आले तरी झालो. अंगणात मांडवाचे खांब पुरले गेले तसा मी एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत चालू लागलो, मग पूर्ण मांडवाभोवती. सून चुलीजवळून ओरडायची, "मामाजी, सरडा झाला का?" लाथ मारल्यापासून तिची भीड मोडली होती. मला राग यायला पाहिजे होता. खरे सांगतो, तिच्या हाकेची मी वाट पाहू लागलो.

लग्नापर्यंत पोटरीतली कळ निघून गेली. कमरेत मात्र खिळा होता, आणि अंगठा थोडा बधिर. वरात यायच्या आधी सुनेने मला बाजूला घेऊन बजावले, हार घाला, नमस्कार करा, बस. मी हो म्हटले. मनात तसे काहीच नव्हते. सारे गाव माझे बोलणे ऐकून होते. शिट्टी मारायला पोरे मांडवाच्या बल्ल्यांवर चढली होती. नातसुद्धा नवरीच्या कपड्यात दारातून डोकावत होती. सकाळपासून ती रडून राहिली होती, आजीच्या गळ्यात पडून, आईच्या गळ्यात पडून.

डीजे थांबला. इवाई पुढे आला. हार घातले. मी त्याच्या पाठीमागे हात नेले, बोटांत बोटे अडकवली, गुडघे वाकवले आणि जोर लावायला गेलो. आणि खिळा हलला. माझ्या हातातले बळ एकदम गेले. ते लोकांना दिसले नाही, पण मिठीतल्या माणसाला कळले. त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग काखेखाली हात घालून मला सरळ वर घेतले, जसे खुंटीवरून कपडा घ्यावा.

माझे पाय सुटले. मांडवभर एकच आरडाओरडा झाला. देवरीची माणसे नाचू लागली, आमची पोरे बल्ल्यांवरून खाली उतरू लागली. मी डोळे मिटले. आणि मला कळले की कमरेवर भार नाही. पाय लोंबत होते, पाठ ताणून लांब होत होती, आणि महिनाभर बसलेला खिळा हळूच सुटत होता. आवाज नाही, काही नाही. नुसते सुख.

इवाई भला माणूस. मला खाली ठेवायला लागला.

मी त्याच्या कानात म्हटले, "उतरवू नका."

"काऊन?"

"बरं वाटून राहिलं. जरासा हलवा."

त्याच्या पोटातून हसू आले ते मला माझ्या पोटात लागले. त्याने मला हलकेच हलवले, जसे पोते भरताना हलवतात. मग तसाच उचलून मांडवात घेऊन चालला, थेट आत. डीजे पुन्हा सुरू झाला. वरून मला सगळे दिसत होते. म्हातारी कपाळाला हात लावून होती. सून कमरेवर दोन्ही हात ठेवून माझ्याकडे रोखून पाहत होती, आणि तिच्या बाजूला नवरी, काजळ गालावर ओघळलेले, पोट धरून हसत होती.

मी इवाईला म्हटले, नवरीपर्यंत न्या.