मधल्या खाटेवरचा खोकला

आज बिल्डिंगचा जिना फिनेलनं पुसला आणि त्या वासानं मी थेट पंच्याऐंशी सालात, बोरीवलीच्या एका हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात पोचलो. माझा पाय प्लास्टरमध्ये, तोंड मोकळं. सिस्टरपासून वॉर्डबॉयपर्यंत सगळ्यांच्या नकला चालू. शेजारच्या खाटेवर एक म्हातारे मिलकामगार, सारखे खोकायचे. त्यांच्या पलीकडे त्यांचेच मालवणी दोस्त, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. खोकला ऐकू आला की ते विचारायचे, "आसस मां रे?" म्हणजे, आहेस ना? एका दुपारी खोकणारे बाबा गेले. पडदा लावून त्यांना गुपचूप नेलं. सिस्टर माझ्या कानात म्हणाली, "यांना कळलं तर रडतील, डोळ्यांचे टाके तुटतील. तू खोक ना रे!" मी खोकलो, हुबेहूब. पलीकडून जरा थांबून आवाज आला, "आसस मां रे?" पट्टी निघेपर्यंत मी खोकत राहिलो. पट्टी निघाली तेव्हा त्यांनी रिकाम्या खाटेकडे पाहिलंच नाही, सरळ माझ्याकडे पाहिलं. "झिला, आणि एकदा खोक. आता रडलंय तरी चालात." म्हणजे, पोरा, आता मी रडलो तरी चालेल. मी खोकलो. आजही यार, कुणाचीही नक्कल सांगा, करतो; तेवढा खोकला सांगू नका.