मोटर बंद करू नये

विमल गेल्याचा फोन आला तेव्हा मी चिकलठाण्याच्या माझ्या वर्कशॉपमध्ये लेथवर होतो. तिची विद्यार्थिनी सबिहा रडत होती, आणि मी, विमलचा शाळेपासूनचा मित्र, पहिला प्रश्न काय विचारावा... "मोटर चालू आहे ना?" पलीकडचं रडणं थांबलं. "हो काका, चालू आहे." सव्वा महिना झाला, त्या प्रश्नाची लाज अजून अर्धीच वाटते.

सिल्लोडच्या शाळेत आम्ही एका वर्गात. ती मेंढपाळाची पोर, गणितात पहिली. मी तिच्या वहीतून उतरवूनही नापास होण्याचा पराक्रम केलेला. पुढे ती संशोधक झाली, मी फिटर. एक दिवस वर्कशॉपात येऊन म्हणाली, "दिगू, रबराच्या पातळ चकतीला ओढणारं नि सोडणारं यंत्र करून दे. थांबायचं नाय." त्या चकतीवर ती रक्तवाहिनीतल्या जिवंत पेशी वाढवणार होती. "नाडीच्या दर ठोक्याला वाहिनीच्या भिंतीला ताण बसतो. पेशीला डोळे नाय, कान नाय, पण ओढलेलं कळतं. वारं सुटलं की मेंढरं अंग फिरवून उभी राहतात, तशा त्या ओढीला आडव्या होतात."

यंत्र झालं. मग ती आईला बघायला गावी गेली आणि राखणीला मला ठेवून गेली, म्हणजे चूक तिचीही होतीच. आयुष्यभर कारखान्यात रविवारी मशीनला सुट्टी दिलेला माणूस मी. बिचाऱ्या पेशींची दया आली. शनिवारी दुपारी मोटर बंद केली, सोमवारी सकाळी गुपचूप चालू केली. विमलनं सूक्ष्मदर्शकात पाहिलं. सगळ्या पेशी वाट्टेल तशा पांगलेल्या.

"दया केलीस व्हय?"

"थोडीशी."

"लई उपकार. ओढ थांबली की रांग मोडते, बाबा. आता पहिल्यापासून." ओरडली नाही. नवी चकती घेऊन कामाला बसली, आणि स्विचवर चिकटपट्टी लावून लिहिलं : मोटर बंद करू नये. दिगूने तर नाहीच.

शेवटचा प्रयोग तिनं दुखण्यातच लावला होता. म्हाताऱ्या, थकलेल्या पेशी तरी वळतात का, एवढंच तिला बघायचं होतं. आठ दिवस अखंड ओढ हवी होती. पाचव्या दिवशी ती गेली. अंत्यविधी उरकून मी थेट प्रयोगशाळेत पोचलो, तर विभागाचे कारकून दुखवट्याची सुट्टी म्हणून मेन स्विचकडे निघालेले. मी पट्टी दाखवली. त्यांनी वाचली, माझ्याकडं पाहिलं.

"दिगू तुम्हीच का?"

"व्हय."

"मग तुम्ही लांब बसा." मेन स्विच मात्र तसाच राहिला.

तीन दिवस सबिहा आणि मी आळीपाळीनं बसलो. आठव्या दिवशी तिनं सूक्ष्मदर्शकात बराच वेळ पाहिलं आणि खुर्ची मला दिली. उशिरानं, आळसानं, पण वळल्या होत्या... एका अंगानं, रांगेत.

सबिहानं आता तिथंच पुढची चकती लावली आहे. पट्टीची कडा सुटलीय, नवी लिहू म्हणत होती. मी नको म्हटलं. दर सोमवारी जातो, कडा अंगठ्यानं दाबतो आणि हात मागं घेतो. मोटरला हात लावायची परवानगी मला अजून नाय.