शंभर फ्रेमची मंगलाष्टकं

जबलपुरातल्या मराठी घरात लग्न ठरलं की हॉलच्याही आधी कुंदाआत्यांची तारीख विचारली जाई. एकतीस वर्षं हेच. शाळेतून रिटायर झालेल्या, एकट्या बाई. रांझीहून बसने यायच्या, दोन्ही घरांची नावं ओवून रचलेली मंगलाष्टकं म्हणायच्या आणि ब्लाउजपीस घेऊन परतायच्या. 'सावधान' असं खणखणीत म्हणत की मुदपाकातला आचारीही झारा टाकून ताठ उभा राही. पुढे जोडपं भांडलं तर लोक म्हणत, "कुंदाताईंनी तर नीटच म्हटलं होतं बाप्पा!"

रेकॉर्ड मात्र कोणी केलं नाही. सगळे म्हणत, "आत्या कुठं पळून चालली?"

यंदा घशात गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच जाणार होतं. आत्यांनी डॉक्टरांकडे एवढंच मागितलं: भाचीचं, अपूर्वाचं लग्न होऊ द्या. ती मंगलाष्टकं शेवटची, आणि ती आवाजासकट ठेवायची.

अपूर्वाच्या भावाने, प्रथमेशने, विजय नगरचा व्हिडिओवाला ठरवला. पियूष. कॅमेऱ्यापेक्षा याचं तोंडच जास्त चाले. "बुआजी, टेंशन मत लो! सिनेमॅटिक देंगे, एकदम सिनेमॅटिक!" पाहुण्यांचे मोबाईल मधे येतात म्हणून त्याने बोर्डच लावला: कृपया फोन खिशात ठेवा.

त्याने नमुन्याची एक फिल्म दाखवली. फुलं अशी सावकाश खाली येत होती की आत्या हरखल्या. त्यांनीच सांगितलं, "भैया, हमारे अक्षता पड़ेंगे ना, वो भी ऐसेच स्लो में लेना."

"हो जाएगा!"

त्याच्या माहितीत फुलं उडतात एकदाच, वरमालेला. आपल्याकडे कडव्या-कडव्याला तांदूळ पडतात, हे त्याला कोण सांगणार? लग्नाच्या दिवशी लोकांच्या मुठीत तांदूळ दिसताच त्याने कॅमेरा स्लोवर टाकला. पहिल्या 'सावधान'ला तांदूळ उडाले, दुसऱ्याला उडाले, उडतच राहिले. कॅमेरा शेवटपर्यंत स्लोवरच.

ऑपरेशननंतर सतरा दिवसांनी फिल्म आली. मदन महल भागात भावाच्या घरी टीव्हीवर लावली. आत्यांच्या गळ्याला पट्टी, मांडीवर लिहायची पाटी. अंतरपाट दिसला, तांदूळ दिसले, मागे शहनाई. मग पडद्यावर आत्यांचं तोंड उघडलं. उघडतच गेलं. मानेच्या शिरा एकेक करून वर आल्या.

"अगं बाई, आत्या जांभई देऊन राहिल्या!" शेजारची शकु खिदळली.

आत्यांनी पाटीवर लिहिलं: आवाज?

प्रथमेशने पियूषला फोन लावला, स्पीकरवर.

"अरे भैया, स्लो के लिए सेकंड में सौ फ्रेम खींचे हैं. पच्चीस पे आवाज़ साथ आती है, सौ पे मेरा कैमरा आवाज़ लेता ही नहीं. बुआजी ने ही तो बोला था स्लो!"

"तो नॉर्मल कर दो ना!"

"स्पीड नॉर्मल हो जाएगी. आवाज़ कहाँ से लाऊँ? शहनाई नहीं जमी क्या? दूसरी डाल दूँ?"

सगळ्यांनी आत्यांकडे पाहिलं. गुन्हेगार सापडला होता.

"माझ्याकडे आहे नं!" शकुने फोन काढला. "बोर्डाला कोण विचारते!"

चाळीस सेकंद निघाले. त्यात शकुच बोलत होती. "राजश्री, मठ्ठा संपला काय गं? काहून संपला? जिलबी तरी ठेव माह्यासाठी!" तिच्यामागे, लांब कुठंतरी, डबीत माशी कोंडल्यासारखं गुणगुणणं. शेवटी "सावधा..." आणि लगेच शकु, "चल चल, पंगत बसून राहिली!"

घर हसून लोळलं. प्रथमेशही.

डोळे पुसत तो म्हणाला, "पण दिसून तर छान राहिलं ना, आत्या?"

आत्यांनी जोरजोरात हात हलवला. बंद कर.

"पुन्हा? अच्छा, लावतो ना पुन्हा."

आत्यांनी पाटीवर 'नको' लिहिलं, मोठ्या अक्षरात, आणि पाटी छातीशी उभी धरली. सगळे टीव्हीकडे बघत होते.